पांढरीखालचा जमाखर्च

देवस्थानाचे महाजन म्हटले की पहिल्याने डोळ्यांसमोर येते ती जमाखर्चाची वही. उत्सवास तेल किती लागले, नैवेद्याचा शिधा कोणत्या घरातून आला, देवाच्या जमिनीचा खंड किती वसूल झाला आणि किती बाकी राहिला, याची चोख नोंद ठेवणे हे महाजनपणाचे आद्य कर्तव्य मानले गेले आहे. अशा घराण्यांतील वाचकांस एक प्रश्न सहज सुचण्यासारखा आहे. ज्या काळी वही नव्हती, किंबहुना लिपीही नव्हती, त्या काळी या भूमीवर नांदणाऱ्या माणसांचा जमाखर्च कोणी मांडावयाचा? शेतात काय पिकत होते, ते कोणाच्या कोठारात जात होते, गोठ्यात किती गुरे होती, दूरदेशीचा माल कोणत्या वाटेने येत होता, आणि दुष्काळाच्या वर्षी घरातील चूल कशावर पेटत होती? या प्रश्नांची उत्तरे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुराणवस्तुसंशोधकांच्या कुदळीने आणि चाळणीने थोडीथोडी करून दिली आहेत. ती उत्तरे अपुरी आहेत, परंतु ती ज्या भूमीतून निघाली तिचा बराच भाग मन्नाएखेळ्ळीपासून फार लांब नाही.

मन्नाएखेळ्ळी हे गाव हैदराबादहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर वसलेले आहे. उत्तरेस बीदर, पश्चिमेस चालुक्यांचे कल्याण, दक्षिणेस कागिणा नदीच्या काठी राष्ट्रकूटांचे मळखेड आणि आणखी खाली भीमेच्या तीरावर सन्नती, अशा चार थोर स्थळांच्या मधोमध हा मुलूख येतो. साहजिकच येथील इतिहास आजवर राजधान्यांचा इतिहास म्हणून सांगितला गेला. अमोघवर्ष, विक्रमादित्य, बिज्जल, बहामनी सुलतान ही नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. परंतु राजधानी ही खाणारी असते, पिकविणारी नसते. तिला पोसणारी खेडी, तिला माल पुरविणारे तांडे, तिच्या देवळांत नंदादीप तेवत ठेवणारे तेली, यांची नावे राजवंशांच्या वंशावळीत सापडत नाहीत. त्यातच १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर एकीकडे गेले, झहीराबाद व नारायणखेड दुसरीकडे, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद तिसरीकडे. संशोधनाचे अहवालही त्यामुळे तीन राज्यांच्या दप्तरांत विखुरले. खणलेल्या खड्ड्यास मात्र सीमारेषा दिसत नाही.

शिलालेख हा या प्राचीन वहीचा सर्वांत सुवाच्य भाग होय, आणि महाजन मंडळींना तो आपलासा वाटावा असाच आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा लेख घ्यावा. क्षत्रप नहपानाचा हा जावई. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची ठेव ठेवली. ती राजकोशात ठेवली नाही, तर गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या हजारांवर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मूळ रक्कम परत घ्यावयाची नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे, असा स्पष्ट निर्बंध घातला. वर्षाकाळी लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावयाचे होते. आता हिशेब करून पाहावा. दोन हजारांचे शेकडा एक दराने महिन्यास वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजे तेही दोनशे चाळीस. जमा आणि खर्च कार्षापणालाही न चुकता जुळतात! आजच्या कोणत्याही देवस्थानाच्या कायम ठेवीचे तत्त्व याहून वेगळे नाही. आणि या एका लेखावरून कळते ते केवळ दानशूरत्व नव्हे. विणकरांची संस्था सावकारी करण्याइतकी भक्कम होती, लोकांचा तिच्यावर विश्वास होता, कापडाचा धंदा वर्षाकाठी शेकडा बारा व्याज सोसण्याइतका किफायतीचा होता, हेही त्यातूनच उलगडते.

पुढील काळातील लेखांत देऊळ हेच गावाच्या अर्थव्यवहाराचे मध्यवर्ती ठिकाण झालेले दिसते. आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील चित्तापूरनजीक नागावी येथे १०५८ सालचा शिलालेख आहे. कल्याणच्या चालुक्य सम्राटाचा सेनापती मधुसूदन याने तेथे देऊळ आणि घटिकास्थान म्हणजे उच्च विद्यापीठ उभारले. वेदांचे व शास्त्रांचे मिळून सुमारे अडीचशे विद्यार्थी, त्यांना शिकविणारे आचार्य, आणि ग्रंथांची निगा राखणारे सहा ‘सरस्वतीभांडारी’ यांच्या निर्वाहाची व्यवस्था जमिनीच्या उत्पन्नातून लावून दिली. एवढ्या माणसांचे रोजचे जेवण म्हणजे किती शेते आणि किती नांगर, याचा विचार लेख वाचणारे क्वचितच करतात. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिला. त्याचा तेराव्या शतकाच्या प्रारंभीचा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याच्या मराठी भागात बाजारातील व्यवहारावरचा वाटा, सुपाऱ्या, घाण्यातून निघणाऱ्या तेलाचा हिस्सा अशी देणी मठास लावून दिलेली आहेत. लीलावतीचे गणित पाटणच्या तेलाघाण्यावर चालत होते, असे म्हटल्यास ते केवळ विनोदाचे होणार नाही.

कल्याणच्या चालुक्यांच्या काळातील कन्नड लेखांत ‘महाजन’ हा शब्द वारंवार येतो. अग्रहारातील महाजनांची सभा दान स्वीकारी, जमिनीची देखभाल करी आणि दान अखंड चालेल याची हमी घेई. ऐहोळेचे पाचशे स्वामी म्हणून प्रसिद्ध असलेला व्यापारीसंघ आपल्या मालाच्या गोण्यांवर आपणहून पट्टी बसवून ती देवास अर्पण करी. हुमनाबाद तालुक्यातील जलसंगवीच्या देवळाच्या भिंतीवर एक शिल्पसुंदरी विक्रमादित्याच्या स्तुतीची अक्षरे कोरीत उभी आहे. ती पाहण्यास दूरदूरचे रसिक येतात. परंतु तिच्या हातातील लेखणी देणाऱ्याचेच नाव लिहिते, आणि हाच शिलालेखांचा मोठा दोष होय. दगड खर्चिक असतो. तो दाता, दानाची वस्तू आणि दान मोडणाऱ्यास शाप, एवढेच सांगतो. ज्याच्या शेतातून ते दान निघाले त्याच्याविषयी तो बहुधा मूक राहतो. ज्या युगात दान कोरून ठेवण्याची प्रथाच नव्हती, तेथे तर हा साक्षीदार हजरच नसतो.

ही उणीव ओळखून इतिहासाचे तोंड धान्याकडे, अवजाराकडे आणि नाण्याच्या झिजेकडे वळविणाऱ्या विद्वानांत दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. गोव्यात १९०७ साली जन्मलेले कोसंबी व्यवसायाने गणिती. आहत नाण्यांच्या निधीतील एकेक नाणे त्यांनी सूक्ष्म काट्यावर तोलले. बाजारात चालणारी आधुनिक नाणी तोलून त्यांची झीज कशी होते तेही पाहिले. नाणे हातोहाती फिरते तसतसे ते झिजते, म्हणून झिजेच्या प्रमाणावरून ते किती काळ चलनात होते याचा अंदाज बांधता येतो. राजाचे नाव नसलेल्या नाण्यालाही अशा रीतीने बोलते करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. कार्ले, भाजे, बेडसे, जुन्नर येथील लेणी घाटवाटांच्या तोंडाशीच का आहेत, हा प्रश्न त्यांनी पायी हिंडून सोडविला. भिक्षूंचे विहार आणि व्यापाऱ्यांचे तांडे एकाच वाटेने चालत होते. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इतिहासग्रंथानंतर राजांच्या सनावळीवर समाधान मानणे अभ्यासकांस कठीण झाले. त्यांची सगळीच मते विद्वानांनी स्वीकारली असे नाही, आणि काही तर सपशेल नाकारली गेली. प्रश्न विचारण्याची त्यांची रीत मात्र टिकली.

लिपीच्या पूर्वीचा जमाखर्च कसा वाचतात याचे उत्तम उदाहरण कृष्णा-भीमेच्या दुआबात आहे. रायचूर, बल्लारी आणि शोरापूर या भागांत राखेची लहानमोठी टेकाडे आढळतात. लोकांनी त्यांच्यावर राक्षसांच्या, ऋषींच्या आणि रामायणातील वालीच्या दहनाच्या कथा रचल्या. युरोपीय प्रवाशांनी ज्वालामुखीपासून लोहाराच्या भट्टीपर्यंत अनेक तर्क केले. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच ही शेणाची राख असल्याचे ओळखले होते. पुढे १९६० च्या सुमारास प्रयोगशाळेतील परीक्षेने ते पक्के झाले. मध्यंतरी १९५७ साली रेमंड ऑलचिन यांनी आज तेलंगणात असलेल्या उतनूर येथील टेकाड खणले, तेव्हा राखेच्या थरांखाली लाकडी खुंटांच्या कुंपणाचे खळगे आणि गुरांच्या खुरांचे ठसे मिळाले. चार हजार वर्षांपूर्वी ओल्या शेणात रुतलेले गाईचे पाऊल! कोणत्याही ताम्रपटाने एवढी जिवंत साक्ष दिलेली नाही.

याच्या पुढची पायरी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. के. पद्दय्या यांनी शोरापूर भागातील बुदिहाळ येथे गाठली. १९८९ पासून अनेक हंगाम तेथे उत्खनन झाले. तोवरची समजूत अशी होती की राखेचे टेकाड म्हणजे रानातला गुरांचा वाडा, आणि माणसे कोठेतरी निराळी राहत. बुदिहाळला टेकाडास लागूनच वस्ती निघाली. घरांच्या जमिनी, साठवणीची भांडी, मुलांची दफने, चकमकीच्या दगडाची पाती घडविण्याची जागा, हे सारे एका ठिकाणी होते. गुरे कापण्यासाठी चोपून तयार केलेली एक मोकळी जागाही तेथे सापडली व तिच्यावर जनावरांची हाडे आणि दगडी हत्यारे विखुरलेली होती. ही गोष्ट अनेक वाचकांस रुचणार नाही, पण पुराव्यास रुचि-अरुचि नसते. ती जागा एका घराच्या गरजेपेक्षा मोठी आहे. त्यावरून अनेक कुटुंबे तेथे एकत्र जमत व वाटून घेत असावीत, असे अनुमान निघते. गोधन हीच संपत्ती, शेणाचा ढीग हीच तिची मोजदाद, आणि वेळोवेळी तो ढीग पेटविणे हा बहुधा काही विधीचा भाग होता. धर्म आणि अर्थ यांची फारकत त्या गवळी समाजाने केलेली नव्हती.

भीमेच्या वरच्या अंगास, घोड नदीच्या काठी, पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. १९६८ पासून बारा हंगाम तेथे डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन चालले. देशात एका प्राचीन खेड्याची इतक्या बारकाईने झडती यापूर्वी क्वचितच घेतली गेली असेल. सुमारे इ. स. पूर्व १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षे, हे खेडे नांदते होते. शंभरांहून अधिक घरांचे अवशेष मोकळे झाले. खोरे-फावड्याने माती उपसून टाकण्याची जुनी रीत सोडून येथे माती चाळली गेली, जळके दाणे वेचले गेले, हाडांचे तुकडे प्राणिशास्त्रज्ञांच्या आणि दाणे वनस्पतिशास्त्रज्ञांच्या स्वाधीन झाले. त्यातून जव, गहू, मसूर, कुळीथ इत्यादी पिकांची यादी तयार झाली. जळलेला दाणाच शतकानुशतके टिकतो, सुखरूप शिजविलेला दाणा पोटात जातो आणि संपतो. म्हणजे त्या गृहिणीच्या हातून जे चुकून चुलीत सांडले त्यावरच आज तिच्या स्वयंपाकघराचा इतिहास उभा आहे.

इनामगावच्या मधल्या कालखंडात, इ. स. पूर्व १४०० ते १००० च्या दरम्यान, घरे मोठी व चौकोनी होती. गावाच्या पश्चिम कडेस कुंभार, सोनार, चुना भाजणारे आणि हस्तिदंताचे काम करणारे यांची घरे होती व मध्यभागी सुखवस्तू शेतकऱ्यांची. पाच खोल्यांचे एक घर निघाले आणि त्याच्या शेजारीच धान्याचे कोठार. कोठारात जमिनीत खणलेली पेवे आणि कणग्या ठेवण्याचे गोल ओटे होते. नदीचे पाणी वळविण्यासाठी बांध घातलेला व पाट खणलेला आढळला. डॉ. ढवळीकरांनी यावरून असा निष्कर्ष काढला की पाच खोल्यांचे घर गावच्या प्रमुखाचे असावे, धान्याच्या रूपाने कर त्या कोठारात जमा होत असावा, आणि गरजेच्या वेळी तो लोकांत पुन्हा वाटला जात असावा. देवस्थानाचे कोठार ज्यांनी पाहिले आहे, दुष्काळात ते उघडले गेल्याच्या गोष्टी ज्यांनी वाडवडिलांच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. तथापि येथे थोडे थांबणे इष्ट आहे. पेव रिकामे असते. त्यात धान्य स्वखुशीने आले की दरडावून आणविले, आणि बाहेर निघाले ते भुकेल्यांसाठी की प्रमुखाच्या पाहुण्यांसाठी, हे पेवाची भिंत सांगत नाही. बलुतेदारीचा उगम येथेच शोधण्याचा मोहही काहींना होतो. दोन हजारांहून अधिक वर्षांची दरी एका उडीत ओलांडणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही.

शेवटच्या कालखंडाचे चित्र मन विषण्ण करणारे आहे. इ. स. पूर्व १००० नंतर चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. भांड्यांचा घाट ओबडधोबड झाला. शेतीपेक्षा शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भिस्त वाढल्याचे हाडांवरून दिसू लागले. पाऊसमान घटत गेले, अवर्षणाने शेती मोडली आणि गाव भटक्या जीवनाकडे ढकलले गेले, अशी उपपत्ती ढवळीकरांनी मांडली. पुढील काही अभ्यासकांनी तिच्याविषयी शंका घेतल्या आहेत. गोल झोपडी म्हणजे दारिद्र्यच कशावरून, हंगामापुरती वस्ती कशावरून नसेल, असे त्यांचे विचारणे आहे. वाद मिटलेला नाही. पण दख्खनच्या पठारावर ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला त्यांना ढवळीकरांचा तर्क पटण्यास फारसा वेळ लागत नाही. योगायोग असा की तो दुष्काळ पडला तेव्हा इनामगावचे खणणे चालूच होते.

मातीच्या पोटातून निघालेल्या आणि ग्रंथांतून आलेल्या पुराव्यांची गाठ पडली ती तेर येथे. धाराशिव जिल्ह्यातील हे गाव मराठी माणसास गोरोबाकाकांमुळे ठाऊक. पहिल्या शतकात कोणा ग्रीक खलाशाने लिहून ठेवलेल्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात दक्षिणापथाच्या दोन बाजारपेठांचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून अकीक दगड, तगरहून जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेच्या मलमली आणि समुद्रकिनाऱ्याच्या प्रदेशातून तेथे आलेला अन्य माल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचला नेत. हे तगर म्हणजे कोणते गाव, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद माजला होता. देवगिरी, जुन्नर, धारूर अशी नावे पुढे आली. कोकणचे शिलाहार राजे स्वतःस तगरनगराचे स्वामी म्हणवीत, त्यामुळे गुंता वाढलाच. १९०१ साली डॉ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे सिद्ध केले.

सिद्ध झाले ते कागदावर. मातीतून ते सिद्ध करण्याचे श्रेय प्रथम तेरच्याच एका गृहस्थास द्यावे लागते. रामलिंगप्पा लामतुरे हे गावातील व्यापारी. पावसाळ्यात पांढरीची माती वाहून गेली की मणी, नाणी, मातीच्या मूर्ती उघड्या पडत. लोक त्या खेळण्यास देत वा फेकून देत. लामतुरे यांनी त्या जमविण्यास आरंभ केला आणि आयुष्यभर जमविल्या. त्यांच्या हजारो वस्तूंचा संग्रह पुढे राज्यशासनाच्या ताब्यात जाऊन तेरला त्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. अशाच घडणीची एक मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडली. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच समुद्रापार गेलेली होती. ज्या कारागिरीचा नमुना रोमन श्रीमंताच्या घरात होता, तिचीच बहीण तेरच्या एका व्यापाऱ्याने जपून ठेवलेली होती!

१९५८ च्या सुमारास श्री. चापेकर यांनी आणि पुढे डॉ. शां. भा. देव यांनी तेरला उत्खनने केली. सातवाहनकालीन वसाहत, शंखाच्या बांगड्या, मणी, केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती, रोमन नाण्यांची नक्कल करणारी मातीची पदके असे पुष्कळ काही निघाले. तेथील जळक्या धान्याचाही वनस्पतिशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. शंख समुद्राचा, आणि तेर समुद्रापासून कित्येक दिवसांच्या वाटेवर. एक फुटकी बांगडी म्हणजे एका लांबलचक व्यापारी मार्गाची पावतीच होय. तेरच्या पूर्वेस, आजच्या तेलंगणातील संगारेड्डीजवळ, कोंडापूर हे दुसरे सातवाहन नगर १९४० नंतर निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने खणले. तेथेही नाणी आणि मणी मुबलक मिळाले. पूर्व किनाऱ्याचा माल तगरास येत होता हे ग्रीक खलाशी सांगतो. तो ज्या पठारावरून येण्याचा संभव आहे त्याच पठारावर आज मन्नाएखेळ्ळीचा महामार्ग धावतो. दोन्ही वाटा पावलापावलाने एकच असे म्हणण्याचे कारण नाही. बैलाला जी चढण मानवते तीच वाट टिकते, इतकेच म्हणता येईल.

वाटांचे हे महत्त्व फार उशिरापर्यंत टिकले. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी बीदरला राहिला होता. त्याने हुर्मुझहून एक घोडा आणला होता, तो जुन्नरच्या सुभेदाराने हिसकावला व मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. बीदरपासून बारा कोसांवर आळंदच्या पिराची वार्षिक जत्रा भरते, दहा दिवस बाजार चालतो आणि वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. अमीर-उमराव अतिशय श्रीमंत आणि खेड्यांतील लोक अतिशय दरिद्री, हेही तोच लिहितो. बीदरच्या महालांवर आजवर अनेक ग्रंथ झाले. त्या खेडुतांच्या झोपडीचा एकही चौथरा इनामगावासारखा काळजीपूर्वक खणला गेलेला नाही.

असे का झाले, याचे एक कारण पांढरीतच आहे. मराठी शेतकरी काळी आणि पांढरी असा भेद पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. काळी ती पिकाची जमीन, पांढरी ती गावठाणाची. माणसांच्या वस्तीने, राखेने, शेणाने, मोडलेल्या भिंतींच्या मातीने शेकडो वर्षांत पांढरीचे टेकाड तयार होते. ही माती खत म्हणून उत्तम, त्यामुळे ओसाड गावांची टेकाडे गाड्या भरभरून शेतांत गेली. राखेच्या टेकाडांचीही तीच गत झाली. शेतकऱ्यास दोष देण्याचे कारण नाही, त्याला पीक हवे होते आणि ते त्याने घेतले. परंतु एकेका गाडीबरोबर एकेका घराचे कोठार, चूल आणि गोठा कायमचा नाहीसा झाला. शिलालेख फुटला तर त्याचा ठसा वा नक्कल उरू शकते. थर एकदा कालवला की त्याची नक्कल नाही. देवळांच्या जीर्णोद्धाराच्या वेळी पाया खणताना निघणारी खापरे, जुन्या जोत्याचे दगड, चुन्याखाली बुजलेली अक्षरे, यांचीही गणना याच वर्गात होते, आणि तेथे निर्णय महाजनांच्याच हाती असतो.

सन्नतीची हकीकत या दृष्टीने मुद्दाम सांगण्यासारखी आहे. भीमेच्या काठची चंद्रलांबा ही महाराष्ट्र व कर्नाटकातील कितीतरी घराण्यांची कुलदेवता. तिच्या देवळाच्या आवारात कालिकेचे देऊळ आहे. १९८६ साली त्याचे छत कोसळले व मूर्ती भंगली. मूर्तीच्या बैठकीखालची मोठी शिळा उघडी पडली आणि तिच्यावर ब्राह्मी अक्षरे दिसली. ती सम्राट अशोकाची आज्ञापत्रे होती. राज्यकारभार कसा करावा याविषयी अधिकाऱ्यांना दिलेल्या ज्या खास आज्ञा तोवर केवळ कलिंगातील धौली व जौगड येथेच आढळल्या होत्या, त्या येथे कर्नाटकात मिळाल्या. पुढे १९९४ पासून जवळच्या कनगनहळ्ळी येथे पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने उत्खनन केले. भव्य स्तूप निघाला, त्याच्या शिलापटांवर अशोकाची व सातवाहन राजांची नावासह चित्रे निघाली. राजांच्या चित्रांनी वृत्तपत्रांचे रकाने भरले. पण त्याच शिळांवर गृहस्थ, भिक्षू-भिक्षुणी आणि धंदेवाईक कुटुंबे यांनी दिलेल्या दानांची छोटी छोटी टिपणे आहेत. सन्नतीच्या परिसरात शिशाची सातवाहन नाणी मिळतात. शिसे हलक्या मोलाचे, त्याचे नाणे भाजीपाल्याच्या आणि मिठाच्या सौद्यास उपयोगी. सोने राजकोशात पडून राहते, शिसे मात्र बाजारात रोज हात बदलते. स्तूपाचा खर्च केवळ राजाच्या तिजोरीतून झाला नव्हता, हे त्या टिपणांनी सांगितले, आणि देणाऱ्यांचा रोजचा व्यवहार कसा चालत होता ते नाण्यांनी.

कालिकेच्या बैठकीची ती शिळा दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे. कोणे एके काळी मूर्तीचा खुंट बसविण्यासाठी कोणा पाथरवटाने तिच्या मधोमध एक चौकोनी भोक पाडले. लिपी विसरली गेली होती, त्याला तो एक चांगला सपाट दगड वाटला, आणि त्याने देवीचेच काम केले. त्या भोकाच्या जागी असलेली अक्षरे गेली. उरलेला मजकूर विद्वानांनी वाचला आहे, आणि भोकात सापडलेल्या ओळींत मध्ये तेवढी जागा कोरी सोडून तो छापला जातो.